मदाश्रु : मादक द्रव्यांनीं डोळ्यांस येणारें पाणी व त्याचें साधनमूल्य

१. प्रस्ताव

कांहीं मादक द्रव्यें सेवन केलीं असतां मनुष्याच्या डोळ्यांतून आपोआप पाणी वाहूं लागतें. त्यास शोक झालेला नसतो, हर्षाचा उमाळाही आलेला नसतो. चित्त भलतीकडेच गुंतलेलें असतें आणि गालांवरून पाणी ओघळत असतें. विसाव्या शतकांत ज्या द्रव्यांस ‘सायकेडेलिक’ हें नांव मिळालें, त्यांच्या सेवनानंतर हें लक्षण वैद्यांनीं नोंदलेलें आहे. हा शब्द हंफ्री ऑस्मंड या वैद्यानें १९५७ सालीं प्रसिद्ध केला. तो मन व प्रकट या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून बनविलेला असल्यामुळें प्रस्तुत लेखांत त्या द्रव्यांस ‘चित्तोन्मेषक’ असें म्हटलें आहे. त्यांपैकीं मेस्कलिन हें द्रव्य आर्थर हेफ्टर यानें १८९७ सालीं अमेरिकेंतील एका निवडुंगापासून वेगळें काढिलें. एल्‌एस्‌डी हें आल्बर्ट हॉफमन यानें १९३८ सालीं तयार केलें व त्याचा चित्तावरील परिणाम त्यास १९४३ सालीं कळून आला. सायलोसायबिन हें अळिंबींतील द्रव्य त्यानेंच १९५८ सालीं पृथक् केलें.

या वैद्यकीय गोष्टीशीं इतिहासाच्या अभ्यासकास काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. तीस उत्तर असें कीं, आपल्या साधनांत अश्रु हे साक्षीदार म्हणून वारंवार उभे राहतात. संतचरित्र, बखर, प्रवासवृत्त, कैफियत, वैद्यकाचें बाड, यांपैकीं कोणतेंही साधन घ्या; कोणाच्या तरी नेत्रांतून पाणी वाहिल्याचा उल्लेख आला कीं वाचणारा त्यावरून तत्काळ अनुमान बांधितो. जुना वाचक शोक किंवा भक्ति हें कारण धरी. अलीकडे दुसरें टोंक गांठण्याची प्रवृत्ति दिसते : तंद्रा, रोमांच, कंप व अश्रु हीं एकत्र दिसलीं कीं तेथें एखादें मादक द्रव्य असलेंच पाहिजे, असें म्हणावयाचें. दोन्ही अनुमानें घाईचीं आहेत. एकट्या अश्रूंवरून कांहींच सिद्ध होत नाहीं. परंतु अश्रूंच्या जोडीस असलेलीं लक्षणें नीट टिपलेलीं असतील तर त्यांवरून पुष्कळ ठरवितां येतें, आणि हा विवेक आपल्या शास्त्रकारांस अवगत होता, एवढें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे.

२. स्थलनिर्देश

विवेचनास एखादें स्थळ डोळ्यांपुढें असलें म्हणजे तें अधांतरीं राहत नाहीं. याकरितां चांदा प्रांतांतील घुग्घुस हें गांव घेतों. चार्ल्स ग्रँट यानें संपादिलेल्या १८७० च्या मध्यप्रांताच्या गॅझेटियरांत चांदा जिल्ह्यांतील प्राचीन अवशेषांची जी यादी आहे, तींत भांदक, विंझासन व देवळा यांच्या लेण्यांबरोबर घुग्घुस येथील लेण्यांचाही निर्देश आहे. पुढें वर्धा नदीच्या खोऱ्यांतील कोळशामुळें या गांवाचें रूप पालटलें. ज्या गांवाचें नांव पुराणवस्तूंच्या यादींत प्रथम भेटतें, तें आज कोळशाच्या खाणी, सिमेंट व लोखंड यांमुळें ओळखलें जातें. २००९ सालीं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें देशांतील औद्योगिक क्षेत्रांचें जें मापन केलें, त्यांत चंद्रपूर हें अतिप्रदूषित क्षेत्रांत गणलें गेलें.

या माहितीचें प्रयोजन असें. घुग्घुसास एखाद्या मनुष्याचे डोळे पाझरतांना दिसले तर कारणें किती संभवतात ? कोळशाची धूळ आहे, भट्टीचा धूर आहे. मोहाचें मद्य या अरण्यप्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलें असून गोंडांच्या देवकार्यांत त्यास स्थान आहे. ब्रिटिश अमदानींत गांजा खंडव्याकडून, म्हणजे निमाड जिल्ह्यांतून, परवान्यानें मध्यप्रांतांत सर्वत्र जात असे. अफूही परवान्याच्या दुकानीं मिळे. धोतरा तर उकिरड्यावर आपोआप उगवतो. त्यास परवाना लागत नाहीं. शिवाय मृगानंतर अरण्यांत उगवणाऱ्या अळिंबी आहेत. त्यांतील वारुळावरच्या ‘सात्या’ लोक आवडीनें खातात, आणि अजाणपणें भलती अळिंबी खाल्ल्यास विषबाधा होते. परवान्याच्या गांजाचा व अफूचा तो काळ आतां इतिहासजमा झाला. पण त्या काळचा एखादा कागद हातीं आला आणि त्यांत ‘डोळ्यांतून पाणी वाहत होतें’ एवढेंच लिहिलेलें असलें, तर संशोधकानें इतक्या कारणांपैकीं कोणतें धरावें?

३. शास्त्रकारांचें मत

भरताच्या नाट्यशास्त्राच्या सातव्या अध्यायांत आठ सात्त्विक भावांचें निरूपण आहे : स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रु व प्रलय. यांपैकीं अश्रूंचीं कारणें सांगतांना भरतानें आनंद, अमर्ष, भय व शोक हीं मनाचीं कारणें सांगितलीं आहेतच; पण त्यांच्याच पंक्तीस त्यानें धूर, अंजन, जांभई, पापणी न लववितां पाहत राहणें, थंडी व रोग हीं निव्वळ देहाचीं कारणें बसविलीं आहेत. नटास अश्रूंचा अभिनय शिकविणाऱ्या ग्रंथानें जांभईचें पाणी व शोकाचें पाणी यांचा एकाच ठिकाणीं विचार करावा, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. अश्रु हें फल एक असून कारणें अनेक आहेत, हें त्यास नाट्यापुरतें तरी पूर्ण मान्य होतें. स्वरभेदाच्या कारणांत त्यानें मद घातला आहे. अश्रूंच्या कारणांत मद असा उघड शब्द नाहीं, परंतु जांभई व अनिमेष प्रेक्षण हीं जीं दोन कारणें आहेत त्यांचा मदाशीं निकट संबंध कसा येतो तें पुढें दिसेल.

मदाचा विचार भरतानें व्यभिचारी भावांत स्वतंत्रपणें केला आहे. तेथें तो म्हणतो कीं, मद चढला असतां उत्तम प्रकृतीचा मनुष्य निजतो, मध्यम प्रकृतीचा हसतो व गातो, आणि अधम प्रकृतीचा रडतो व कठोर बोलतो. ‘उत्तम’, ‘अधम’ ही विभागणी आज कोणास रुचेल न रुचेल. तिच्यामागील निरीक्षण मात्र खरें आहे. एकच पेय भिन्न माणसांस भिन्न करितें. यावरून हेंही निघतें कीं, मदांतील रडणें आणि डोळ्यांस पाणी येणें या दोन वस्तु आहेत. पहिली प्रकृतीवर अवलंबून आहे, दुसरी द्रव्यावर. पुढील विवेचनांत पहिलीस ‘रुदन’ व दुसरीस ‘स्राव’ म्हणूं. रुदनांत मुखविकार, हुंदका व कंठाचा स्वर असतो. स्रावांत यांपैकीं कांहीं नसून केवळ पाणी वाहतें.

वैद्यक ग्रंथांनीं तर अश्रूंस देहाच्या वेगांतच गणलें आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत, सातव्या अध्यायांत, जे तेरा वेग धारण करूं नयेत म्हणून सांगितले त्यांत मूत्र, पुरीष, शिंक, ढेकर, क्षुधा, तृषा, निद्रा इत्यादिकांबरोबर जांभई व बाष्प हेही आहेत. अश्रु आवरून धरिल्यास पडसें, नेत्ररोग, हृद्रोग, अरुचि व भ्रम हे विकार होतात असें तेथें मत आहे. सुश्रुताच्या कल्पस्थानांत विषानें दूषित केलेल्या अंजनाचीं लक्षणें सांगतांना अश्रुस्राव, दाह, वेदना, दृष्टिविभ्रम व अंधत्व हीं एकत्र दिलीं आहेत. येथेंही अश्रु एकटे येत नाहींत; त्यांच्याबरोबर कोणतीं लक्षणें आहेत यावरूनच निदान होतें. शार्ङ्गधरसंहितेनें भांग व अफू हीं व्यवायी द्रव्यांचीं उदाहरणें म्हणून दिलीं आहेत. म्हणजे जीं पचण्यापूर्वींच सर्व शरीर व्यापितात तीं. मादक द्रव्याचा अंमल बुद्धीपुरता नसून सर्व देहावर असतो, हा विचार त्या व्याख्येंत अंतर्भूत आहे.

योगग्रंथांतही याचें प्रमाण मिळतें. हठयोगप्रदीपिकेंत त्राटकाची कृति सांगितली आहे ती अशी कीं, सूक्ष्म लक्ष्यावर दृष्टि स्थिर करून अश्रु पडेपर्यंत पाहत राहावें. येथें अश्रु हें क्रियेची मर्यादा दाखविणारें चिन्ह आहे. घटिका भरली म्हणजे जसें घटिकापात्र बुडतें तसेंच तें. त्यास भाव म्हणण्याचें कारण नाहीं. भरताचें अनिमेष प्रेक्षण तें हेंच.

४. आधुनिक देहशास्त्राचा निर्णय

डोळ्याच्या वरच्या बाहेरच्या कोनांत अश्रुपिंड असतो. मस्तकांतील सातव्या मज्जातंतूच्या शाखेंतून त्यास आज्ञा मिळते, आणि ती आज्ञा अॅसिटिलकोलिन या द्रव्याच्या द्वारें पोंचते. तयार झालेलें पाणी पापणीच्या आंतील कोंपऱ्यांतील सूक्ष्म छिद्रांतून नाकांत उतरतें. म्हणूनच रडतांना नाकही वाहतें. स्राव फार झाला किंवा निचरा अडला कीं पाणी गालांवर येतें. धोतऱ्यांत अॅट्रोपीन व त्याच्या जातीचीं द्रव्यें असतात, तीं वरील आज्ञाच बंद पाडितात. त्यामुळें डोळा व तोंड कोरडें पडतें. उलटपक्षीं कांहीं विषारी अळिंबींत मस्करीन असतें. श्मीडेबर्ग व कोप्पे यांनीं १८६९ सालीं शोधून काढलेलें हें द्रव्य तीच आज्ञा मोठ्यानें देतें. त्यामुळें अश्रु, लाळ व घाम यांचा एकदम लोट येतो.

चित्तोन्मेषक द्रव्यांचा मार्ग निराळा आहे. तीं मुख्यत्वें मेंदूंतील सेरोटोनिन नामक द्रव्याच्या एका विशिष्ट ग्राहकावर काम करितात. त्यांनीं डोळ्यांस पाणी येतें त्याचीं कारणें तीन प्रकारचीं दिसतात. पहिलें, जांभई. सायलोसायबिन घेतलेल्यांस, विशेषतः अंमल चढूं लागतांना, झोंप आलेली नसतांही लागोपाठ जांभया येतात. जांभईंत डोळे घट्ट मिटून अश्रुपिंडाच्या परिसरावर दाब पडतो व निचरा क्षणभर खुंटतो, म्हणून पाणी बाहेर येतें. दुसरें, अनिमेष प्रेक्षण. या द्रव्यांनीं बाहुली विस्तारते, प्रकाश खुपतो, आणि दिसणाऱ्या रंगाकृतींकडे मनुष्य टक लावून पाहत राहतो. पापणी लवण्याचें विसरलें कीं डोळा सुकतो व त्याचा प्रतिकार म्हणून पाणी सुटतें. तिसरें, मज्जातंतूंचा सार्वत्रिक क्षोभ. याच क्षोभाचीं घाम, रोमांच, कंप, चेहऱ्याचा वर्णपालट हीं दुसरीं रूपें होत. या तिहींशिवाय खरा भावावेगही असूं शकतो, कारण हीं द्रव्यें जुन्या स्मृति जाग्या करितात. पण तो अश्रूंच्या एका भागाचा उगम असतो, सर्व पाण्याचा नव्हे.

वरील यादीकडे पाहिलें असतां नाट्यशास्त्राच्या वाचकास एक गोष्ट तत्काळ जाणवेल. एल्‌एस्‌डीच्या शारीरिक परिणामांत वैद्यकाचे ग्रंथ स्वेद, रोमांच, कंप, वर्णपालट व अश्रु हीं लक्षणें सांगतात, तीं आठ सात्त्विक भावांपैकीं पांच आहेत. यावरून भरतास असलें एखादें द्रव्य ठाऊक होतें असा तर्क करणें निखालस चूक होईल. बरोबर अर्थ असा कीं, मनुष्यदेहास क्षोभ व्यक्त करण्याचीं द्वारें थोडींच आहेत. तीं भयानें उघडोत, भक्तीनें उघडोत वा द्रव्यानें उघडोत, बाहेर येणारें चिन्ह एकच असतें.

५. द्रव्यभेदानें लक्षणभेद

मग भेद कसा करावा ? अश्रूंच्या जोडीस बाहुलीचा विस्तार, तोंडाची ओल व जांभई हीं पाहिलीं असतां पुढीलप्रमाणें वर्गवारी होते.

(अ) धोतरा : बाहुली अतिशय विस्तारलेली, डोळा व तोंड कोरडें, त्वचा उष्ण व शुष्क, बोलणें असंबद्ध, हवेंत वस्तु वेंचल्यासारखे हातवारे. अश्रु नाहींत.

(आ) गांजा व भांग : डोळे तांबडे व जडावलेले, तोंड कोरडें. पाणी आलेंच तर तें बहुधा चिलमीच्या धुराचें.

(इ) अफू : अंमल असतां बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी, डोळा पेंगलेला. अमली मनुष्यास नेमलेल्या वेळीं अफू न मिळाल्यास मात्र बाहुली विस्तारते, जांभयांवर जांभया येतात, नाक व डोळे वाहूं लागतात, अंगावर कांटा उभा राहतो. म्हणजे अफूचे अश्रु हे सेवनाचे नसून अभावाचे आहेत.

(ई) मस्करीनयुक्त अळिंबी : बाहुली आकुंचित, अश्रु, लाळ, घाम, उलटी व जुलाब हीं सर्व एकत्र. चित्त बहुधा ठिकाणावर.

(उ) चित्तोन्मेषक द्रव्यें : बाहुली विस्तारलेली आणि तरीही डोळा ओला, जांभई, रोमांच, टक लावून पाहणें, मनुष्य पुष्कळदां शुद्धीवर असून काय दिसतें तें सांगूं शकतो.

यावरून दिसेल कीं धोतरा व चित्तोन्मेषक द्रव्यें या दोहोंनींही बाहुली मोठी होते व दोहोंनींही नसतें तें दिसतें. भेद केवळ पाण्याचा आहे. आणि चित्तोन्मेषक द्रव्य व अफूचा अभाव या दोहोंत बाहुली, पाणी, जांभई व रोमांच हीं चारी लक्षणें समान आहेत. तेथें चित्ताची स्थिति पाहिल्यावांचून निर्णय होत नाहीं.

ही कसोटी जुन्या लेखांस लावून पाहूं. गार्सिया द ऑर्ता या वैद्याचा संवादरूप ग्रंथ गोव्यांत १५६३ सालीं छापला गेला. हिंदुस्थानांत छापलेल्या अगदीं आरंभींच्या ग्रंथांपैकीं तो एक होय. त्यांत धोतऱ्यावर प्रकरण आहे. चोरी करण्याच्या हेतूनें चाकरमाणसें धन्याच्या अन्नांत धोतरा घालीत, आणि तो पोटांत गेलेला मनुष्य नुसता हसत राही व समोर कोणी दागिने नेले तरी नेऊं देई, असें ऑर्तानें वर्णिलें आहे. लिन्स्खोटेन या डच प्रवाशानें गोव्याविषयीं १५९६ सालीं प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतही हाच विषय असून डोळे उघडे असतां मनुष्यास समोरचें कळत नाहीं, असें त्याचें तात्पर्य आहे. हसणें आहे, उघडा डोळा आहे, विस्मृति आहे. पाण्याचा प्रवाह हें लक्षण पुढें आलेलें नाहीं. द्रव्याचें नांव गाळून हे वृत्तांत आपल्या हातीं आले असते, तरीही त्यांवरून धोतऱ्याचें अनुमान करितां आलें असतें. भांगेच्या प्रकरणांत ऑर्तानें गुजराथच्या बहादुरशहाची गोष्ट दिली आहे. रात्रीं पोर्तुगाल, ब्राझील, तुर्कस्थान, अरबस्थान वा इराण येथें जावेंसें वाटलें कीं आपण थोडी भांग खातों, असें त्यानें मार्तिम अफोन्सो द सोझा यास सांगितल्याचें तो लिहितो. येथें मनाची सफर आहे, देहाचें एकही लक्षण नाहीं. म्हणून ही गोष्ट कितीही रंजक असली तरी निदानाच्या कामास निरुपयोगी आहे.

दुसरें उदाहरण टॉमस बाउरी या इंग्रज खलाशी-व्यापाऱ्याचें. बंगालच्या उपसागराभोंवतींच्या देशांचें १६६९ ते १६७९ या काळांतील त्याचें हस्तलिखित वृत्त रिचर्ड टेंपल यानें संपादून हॅक्लुइट सोसायटीनें १९०५ सालीं छापलें. बाउरी व त्याचे सोबती यांनीं एके दिवशीं दारें-खिडक्या बंद करून भांग घेतली. एक जण जमिनीवर बसून दुपारभर रडत राहिला. दुसऱ्यानें भयानें एका मोठ्या रांजणांत डोकें घातलें व चार तास तसाच राहिला. कित्येक गालिच्यावर पडून एकमेकांची स्तुति करूं लागले. एक जण खांबाशीं भांडून हाताचीं बोटें सोलवटून बसला. स्वतः बाउरी व आणखी एक असे दोघे तीन तास घामानें निथळत होते. येथें भरताचें निरीक्षण तंतोतंत पटतें : पेय एक, प्रकृति अनेक. पण आपला प्रश्न रडणाऱ्याचा आहे. बाउरीनें त्याचें रडणें कडवट म्हटलें आहे. यावरून तें रुदन होय, स्राव नव्हे. भांगेनें डोळा वाहत नाहीं, मात्र भांगेनें मनुष्य रडूं शकतो. बाउरीनें शब्द नेमका वापरला म्हणून आपणांस साडेतीनशें वर्षांनंतर हा भेद करितां येतो.

६. नांव व लक्षण

लक्षण न लिहितां नुसतें द्रव्याचें नांव लिहिणें हें किती फसवें असतें, याचें उत्कृष्ट उदाहरण १८९३-९४ च्या हिंदी भांग-गांजा चौकशी मंडळाच्या अहवालांत सांपडतें. या मंडळाचे अध्यक्ष मॅकवर्थ यंग असून मध्यप्रांतांतील अधिकारी फ्रेझर हे त्याचे एक सभासद होते. मंडळानें ठिकठिकाणीं फिरून ११९३ साक्षी घेतल्या व अहवाल सात खंडांत प्रसिद्ध झाला. गांजानें वेड लागतें असा त्या काळीं सार्वत्रिक समज होता, आणि त्यास आधार म्हणून वेड्यांच्या इस्पितळांतील नोंदवह्या दाखविल्या जात. मंडळानें त्या नोंदी मुळापासून तपासल्या. तेव्हां असें आढळलें कीं, वेडाचें कारण म्हणून ‘गांजा’ हा शब्द पुष्कळदां पोलिसांच्या कागदावरून जसाच्या तसा उतरला गेला होता. रोग्यास पाहून, विचारपूस करून तो लिहिलेला नव्हता. फेरतपासणींत बरीचशीं प्रकरणें गळून पडलीं. याच चौकशींत गांजा-भांगेंत धोतरा मिसळण्याच्या चालीचाही विचार झाला, हें आपल्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. कारण अशा मिश्रणांत डोळ्याची साक्ष गांजाची न राहतां धोतऱ्याची होते, आणि नांव मात्र गांजाचें पडतें.

नोंदवहींतील कारकुनाचा शब्द ज्या न्यायानें तपासला गेला, त्याच न्यायानें बखरकाराचा शब्दही तपासला पाहिजे. छत्रपति संभाजीमहाराजांवरील व्यसनाधीनतेचा आरोप येथें आठवावा. मल्हार रामराव चिटणीस यांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभींची, म्हणजे महाराजांच्या १६८९ मधील वधानंतर शंभराहून अधिक वर्षांनीं लिहिलेली आहे. आणि बखरकाराचे पूर्वज बाळाजी आवजी यांस महाराजांनीं देहांत शासन केलें होतें. अशा साधनाच्या आधारावर चाललेलें चित्र वा. सी. बेंद्रे यांनीं १९६० सालच्या आपल्या चरित्रग्रंथांत समकालीन कागदांच्या बळावर पालटून टाकिलें. मद हा शब्द निंदकाच्या लेखणींत विशेषण असतो, वैद्याच्या लेखणींत निदान असतें. पहिल्यास दुसऱ्याचें मूल्य दिलें कीं एका पुरुषाची कीर्ति पिढ्यान्‌पिढ्या काळवंडते. आणि तें धुऊन काढण्यास संशोधकाचें आयुष्य खर्ची पडतें.

याच्या उलट बाजूची चूकही तितकीच टाळली पाहिजे. ज्ञानेश्वरीच्या अकराव्या अध्यायांत विश्वरूपदर्शनानंतर अर्जुनाच्या ठायीं उठलेल्या अष्टसात्त्विक भावांचें वर्णन आहे. त्यांत स्वेद, रोमांच, कंप व अश्रु आहेत. अद्भुत दर्शन, विस्फारलेली दृष्टि व वाहणारे डोळे हीं एकत्र पाहून एखाद्या आधुनिकास चित्तोन्मेषक द्रव्याची आठवण व्हावी हें स्वाभाविक आहे. परंतु तें वर्णन अलंकारशास्त्राच्या निश्चित परंपरेंतून आलेलें आहे. आठांची संख्या व नांवें भरतापासून चालत आलेलीं आहेत. जेथें लक्षणें शास्त्राच्या यादीनुसार येतात तेथें कवि परंपरा सांगतो, प्रत्यक्ष रोग्याची हकीकत नव्हे. प्रत्यक्ष पाहिलेल्या हकीकतींत यादीबाहेरचें कांहीं तरी असतें : रांजणांत घातलेलें डोकें, सोललेलीं बोटें, अवेळीं आलेली जांभई. असें वेडेंवांकडें लक्षण आढळलें तर तेथें पाहणाऱ्याचा डोळा होता असें समजावें.

७. संग्राहकांस विज्ञप्ति

वरील विचार मान्य असल्यास हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं कांहीं गोष्टी ध्यानांत ठेवाव्या. वैद्यकाच्या बाडांत विषाच्या उताऱ्यांच्या टिपा असतात. त्यांतील औषधापेक्षां रोग्याचें वर्णन पुष्कळदां अधिक मोलाचें असतें, आणि तेंच सूची करतांना गाळलें जातें. ‘विष उतरण्याचें औषध’ एवढीच नोंद न करितां बाहुली, पाणी, लाळ, घाम, जांभई, हसणें-रडणें यांचे मूळ शब्द उतरून घ्यावे. ‘डोळे तांबडे’, ‘डोळे फिरले’, ‘डोळे पाणावले’, ‘डोळे ताठले’ हे चार निरनिराळे प्रयोग आहेत. सूचींत त्या सर्वांस ‘नेत्रविकार’ या एका नांवाखालीं घालणें म्हणजे साक्ष पुसून टाकणें होय. विषप्रयोगाच्या कैफियतींत फिर्यादी द्रव्याचें नांव सांगतो तें त्याचें अनुमान असतें, आणि शेजारी डोळ्यांचें वर्णन करितो ती त्याची साक्ष असते. दोन्ही वेगवेगळीं टिपावीं. ज्या नोंदींत अश्रूंचें कारणही त्याच लेखकानें सांगितलें असेल तेथें, तो स्वतः हजर होता कीं ऐकून लिहितो, हें प्रथम पाहावें.

चांदा व गडचिरोलीकडील अरण्यप्रदेशाच्या बाबतींत हें काम विशेष अगत्याचें आहे. येथील पुष्कळ ज्ञान लिखित नसून मौखिक आहे. कोणती अळिंबी खावी, कोणती टाकावी, कोणत्या पाल्यानें डोळे वाहतात व कशानें थांबतात, हें जाणणारे वृद्ध स्त्री-पुरुष दिवसेंदिवस कमी होत आहेत. त्यांचें म्हणणें टिपून घेतांना गोंडी व झाडीबोलींतील शब्द जसेच्या तसे लिहावे, आणि द्रव्याचें नांव व देहाचें लक्षण हे स्वतंत्र स्तंभ ठेवावे. घुग्घुससारख्या गांवीं तर आणखी एक स्तंभ लागेल. तेथें नोंद घेणाऱ्यानें त्या दिवशीं हवेंत धूर किती होता हेंही लिहावें. कारण भरतानें सांगितलेल्या देहजन्य कारणांपैकीं धूर हें तेथें बारमाही आहे, आणि तें वगळल्यावांचून दुसऱ्या कोणत्याही कारणाचा विचार करितां येणार नाहीं.